गिऱ्हाइकाला भाषा नको असते

“मला भाषांची फार आवड आहे. जर्मन झालं, स्पॅनिश चालू आहे, जपानी थोडं थोडं येतं. यातून काही व्यवसाय करता येईल का?” अनुवादाच्या धंद्यात असलेल्या कुणालाही हा प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतो. विचारणारी कधी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली बाई असते, कधी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला कंटाळलेला मुलगा. प्रश्नाचं उत्तर “हो, येईल” असंच आहे आणि मी ते तसंच देतो. पण त्या “हो”च्या पोटात आणखी एक गोष्ट असते. ती उभ्या उभ्या सांगितली तर समोरचा हिरमुसतो, म्हणून ती जरा सावकाश मांडावी लागते. ती गोष्ट अशी, की भाषेच्या धंद्यात गिऱ्हाइकाला भाषा नको असते.

पैसे मोजणाऱ्या माणसाकडे बघा. त्याचं कुठे तरी काही तरी अडलेलं असतं. माल पाठवायचा असतो, व्हिसा काढायचा असतो, मशीनच्या सूचना कामगारांना समजावायच्या असतात, आणि या कामाच्या वाटेत एक परकी भाषा आडवी बसलेली असते. ती तिथून हलली की त्याचं काम झालं. अनुवाद इतका सरळ उतरावा की मूळ दुसऱ्या भाषेत होतं हे ध्यानातही येऊ नये, एवढीच त्याची अपेक्षा. आवड असलेल्या माणसाचं याच्या बरोबर उलट असतं. त्याला भाषा दिसायला हवी असते, तिचे कंगोरे चाचपून बघायचे असतात, तिची क्रियापदं वाक्याच्या शेवटी का जातात यावर तासभर बोलायचं असतं. व्यवहार दोघांत होतो, पण दोघांचे डोळे वेगळ्या ठिकाणी लागलेले असतात.

याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण ट्रिएस्टचं आहे. आज इटलीत असलेलं हे शहर 1907 साली ऑस्ट्रिया-हंगेरीचं मोठं बंदर होतं. तिथे जेम्स जॉइस नावाचा एक आयरिश तरुण इंग्रजीच्या शिकवण्या करून पोट भरत होता. भाषावेडा कसा असावा तर असा: नाटककार इब्सेन मुळातून वाचायचा म्हणून विद्यार्थिदशेतच नॉर्वेजियन शिकलेला, आणि 1901 साली त्याच भाषेत खुद्द इब्सेनला पत्र धाडलेला. 1904 च्या ऑक्टोबरात तो डब्लिन सोडून निघाला तो झुरिकच्या बर्लिट्झ शाळेत नोकरी आहे या भरवशावर. तिथे जागाच नव्हती. तिथून त्याला ट्रिएस्टला पाठवलं, तिथेही जागा नव्हती, मग पोलाच्या नाविक तळावर अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकवायला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा ट्रिएस्ट.

या ट्रिएस्टमध्ये त्याच्याकडे खासगी शिकवणीला आला एत्तोरे श्मिट्झ. वय पंचेचाळिशीच्या पुढे. सासऱ्यांचा रंगाचा कारखाना होता, आणि रंगही साधासुधा नव्हे. जहाजांच्या पाण्याखालच्या भागाला हा रंग लावला की तो भाग गंजत नसे आणि त्याला समुद्रातले जीव चिकटत नसत. मोठं गिऱ्हाईक म्हणजे आरमारं. ब्रिटिश आरमाराला माल पुरवण्यासाठी या घराण्याने लंडनच्या चार्लटन भागात कारखाना काढला होता. तिथे जाऊन मुकादमांशी बोलायचं, आरमाराच्या अधिकाऱ्यांशी दर ठरवायचे, तर इंग्रजी हवी. श्मिट्झचं घोडं पेंड खात होतं ते इथे. त्याने शिकवणीचे पैसे मोजले ते रंग खपावा म्हणून.

जॉइस शिकवायचा ते मात्र त्याच्या पद्धतीने. तासाला साहित्यावर गप्पा व्हायच्या, तो स्वतःचं लिखाण वाचायला द्यायचा. त्यातून श्मिट्झने हळूच सांगितलं की आपणही दोन कादंबऱ्या लिहिल्या होत्या, 1892 आणि 1898 साली, आणि दोन्हींकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जॉइसने त्या वाचल्या आणि त्या उत्तम आहेत असं ठासून सांगितलं. श्मिट्झचं लिहायचं टोपणनाव इटालो स्वेवो. 1923 साली त्याची ‘झेनो’वरची कादंबरी आली, इटलीत पुन्हा शांतता, आणि तेव्हा पॅरिसला असलेल्या जॉइसनेच ती फ्रेंच समीक्षकांच्या हाती पोचवली. आज युरोपच्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते.

या गोष्टीचा पहिलाच अर्थ घेऊन थांबलं तर पंचाईत होते. पहिला अर्थ असा की गिऱ्हाईक रंग विकायला आलं होतं, साहित्य ऐकायला नव्हे. हे खरंच आहे. पण श्मिट्झने जे मागितलं आणि त्याला जे हवं होतं, त्यात अंतर होतं. त्याने मागितली ती कारखान्यापुरती इंग्रजी. त्याला हवा होता एक वाचक. हे अंतर ओळखायला भाषेचा व्यवहार जाणणारा पुरत नाही, भाषेचा वेडाच लागतो. आवडीला धंद्यात जागा आहे ती नेमकी इथे: मागणी आणि गरज यांच्या मधल्या फटीत. ही फट शोधायची कशी, आणि ती सापडेपर्यंत पोटाचं काय, हे दोन प्रश्न उरतात. जॉइस सदैव कर्जात असायचा हेही सांगून टाकलेलं बरं.

आपल्याकडेही हा धंदा जुना आहे. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी 1800 साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं. तिथे विल्यम केरी मराठी शिकवत आणि त्यांच्या मदतीला वैजनाथ शर्मा हे पंडित होते. 1805 साली सेरामपूरहून केरींचं मराठी व्याकरण छापून निघालं ते या पंडितांच्या साहाय्यानेच. शिकायला बसलेल्या तरुण साहेबाला मराठीचं कौतुक असलं तर असेल, पण तो बसायचा कारण पुढे त्याला याच देशात कारभार हाकायचा होता.

आजच्या पुण्यात येऊ. जर्मनचे वर्ग जोरात चालतात, कारण लग्न होऊन जर्मनीला जाणाऱ्या जोडीदाराला बऱ्याच प्रकरणांत व्हिसासाठी ए-वन पातळीचा दाखला लागतो. कारण नर्सिंगला जायचं तर त्याच्याही पुढच्या पातळ्या लागतात. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत पाच पायऱ्या. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नाही. वाचन, ऐकणं, शब्द, व्याकरण, आणि उत्तराचा गोल काळा करायचा. त्यामुळे एन-थ्री पास झालेला मुलगा नागोयाच्या कारखान्यात पहिल्या दिवशी तोंड उघडताना घामाघूम होतो. वर्गात येताना त्याने काय मागितलं होतं? दाखला. त्याला काय हवं होतं? सुपरवायझर रागावला आहे की नुसताच मोठ्याने बोलतोय, हे कळणं. दाखला देणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. दाखल्याच्या तासातच हे दुसरं काम करून देणारा शिक्षक ज्याला भेटतो तो पुढे आपल्या धाकट्या भावालाही तिथेच घालतो.

किंवा अजिंठ्याचा जपानी बोलणारा गाइड घ्या. बौद्ध लेणी पाहायला लांबून आलेल्या माणसाला त्याच्या जपानी भाषेतल्या आदरार्थी रूपांचं अप्रूप पहिली पाच मिनिटं. मग त्याला सावली हवी असते, पाणी हवं असतं, चढावर डोली मिळेल का ते हवं असतं. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. हे ध्यानात ठेवून दौरा आखणारा गाइड त्याच्या लेखी उत्तम जपानी जाणणारा ठरतो. यात अन्याय काही नाही.

आता आवडीकडे वळू, कारण तिचा एक स्वभाव धंद्याच्या मुळावर येतो. भाषावेड्याला नव्या भाषेची सुरुवात गोड लागते. लिपी ओळखीची होऊ लागते, पहिलं वाक्य जुळतं, परक्या माणसाला त्याच्या भाषेत नमस्कार केला की त्याचा चेहरा उजळतो. हे सुख तीन-चार महिन्यांत ओसरतं, आणि मग माणूस दुसऱ्या भाषेकडे सरकतो. अशा नऊ सुरुवाती जमवलेले लोक मी पाहिले आहेत. गप्पांना फार चांगले. पण त्यांच्या नऊ भाषांपैकी एकीतही करारनामा हातात देण्याची छाती होत नाही.

काटो लोम्ब या हंगेरियन बाईंचं उदाहरण मला या बाबतीत फार शिकवणारं वाटतं. जन्म 1909 चा. शिक्षण रसायनाचं, पण मंदीच्या काळात नोकरी नाही, तेव्हा त्यांनी ठरवलं की भाषा शिकवून जगायचं. इंग्रजी स्वतः शिकत शिकत, विद्यार्थ्यांच्या दोन धडे पुढे राहून त्या शिकवू लागल्या. महायुद्धाच्या काळात गोगोलची कादंबरी आणि कोश घेऊन रशियन शिकल्या, आणि युद्ध संपत आलं तेव्हा बुडापेस्टला रशियन जाणणाऱ्यांची गरज पडली. पुढे त्या जगातल्या सुरुवातीच्या समकालिक दुभाष्यांपैकी एक झाल्या, म्हणजे वक्ता बोलत असतानाच कानात यंत्र लावून दुसऱ्या भाषेत बोलत जाणाऱ्या. सोळा भाषांतून त्यांनी कमाई केली.

सोळा हा आकडा सगळे सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती त्यांनी स्वतःच केलेली वाटणी. हंगेरियन धरून पाचच भाषा अशा, की ज्यांत त्या केव्हाही, कुठल्याही क्षणी काम करू शकत. इटालियन, स्पॅनिश, जपानी, चिनी, पोलिश यांच्यासाठी आधी अर्धा दिवस उजळणी लागे. उरलेल्या सहा फक्त लेखी अनुवादापुरत्या. म्हणजे गल्ल्यावर पाच, कोठारात पाच, माळ्यावर सहा. इतका रोकडा हिशेब स्वतःशी ठेवणारी व्यक्तीच असल्या व्यवसायात टिकते. आणि याच बाई 86 व्या वर्षी हिब्रू शिकत होत्या, ते काही कुठली परिषद आली म्हणून नव्हे. आवड त्यांनी मारली नाही, तिला वेगळं घर दिलं.

बर्लिट्झचं नाव वर येऊन गेलं. त्याची कथा याच विचाराची पुढची पायरी आहे. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ हा जर्मनीतून अमेरिकेत गेलेला भाषाशिक्षक. 1878 साली त्याने ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात स्वतःची शाळा काढली. त्याच्या कंपनीत कथा सांगतात ती अशी: निकोलस जोली नावाच्या फ्रेंच माणसाचं सुंदर फ्रेंचमधलं पत्र वाचून बर्लिट्झने त्याला नोकरी दिली. तो आला तेव्हा कळलं की त्याला इंग्रजी अजिबात येत नाही. नेमका बर्लिट्झ आजारी पडला. वस्तूंकडे बोट दाखवा, हातवारे करा आणि फ्रेंचच बोला, एवढं सांगून त्याने वर्ग जोलीच्या हवाली केला. काही आठवड्यांनी धास्तावून परतला तर विद्यार्थी फ्रेंचमध्ये बोलत होते. भाषांतर आणि व्याकरणाची घोकंपट्टी टाकून थेट भाषेतच शिकवण्याची पद्धत त्याने मग पक्की केली.

या कथेत शिकवण्याच्या पद्धतीपेक्षा मला त्यातला धंदा जास्त दिसतो. त्या दिवशी बर्लिट्झच्या लक्षात आलं असणार की वर्ग आपल्यावाचून चालतो. तो स्वतः अनेक भाषांचा जाणकार होता, पण त्याच्या पद्धतीत शिक्षकाला एकच भाषा आली तरी भागत होतं, आणि तीही त्याची जन्मभाषा. मग असा शिक्षक कुठेही मिळतो, कुठेही पाठवता येतो, एक गेला तर दुसरा. शाळा युरोप-अमेरिकेत पसरल्या त्या या बळावर. डब्लिनचा एक कफल्लक तरुण झुरिकहून ट्रिएस्टला, ट्रिएस्टहून पोलाला फिरवला गेला तोही याच बळावर. आवडीचा धंदा मोठा झाला की त्याला आवड असणाऱ्याची गरज उरत नाही. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण शाखा काढायची स्वप्नं बघणाऱ्याने आपल्याला मालक व्हायचंय की शिक्षक राहायचंय, हे आधीच ठरवलेलं बरं.

आणि आता यंत्र आलं आहे. 2016 साली गूगलने अनुवादासाठी न्यूरल पद्धत आणली तेव्हापासून हळूहळू, आणि गेल्या काही वर्षांत झपाट्याने, कामाचं रूप बदललं. त्याच्या कितीतरी आधीपासून ट्रॅडॉससारखी सॉफ्टवेअर होतीच. त्यांत पडद्यावर दोन रकाने असतात, डावीकडे मूळ वाक्य, उजवीकडे आपलं, आणि केलेलं प्रत्येक वाक्य साठवलं जातं. समजा दहा हजार शब्दांची फाइल आली आणि त्यातली चार हजार शब्दांची वाक्यं पूर्वी कधी तरी झालेली निघाली, तर त्यांचे पैसे नाममात्र किंवा शून्य. आता उरलेल्या सहा हजारांचाही कच्चा मसुदा यंत्र करून देतं आणि माणसाने तो तपासायचा. दर त्या मानाने पडलेला. शिवाय परदेशातली कंपनी, तिची मोठी एजन्सी, तिची इथली एजन्सी आणि मग आपण, अशी उतरंड. पैसे महिन्याने, दोन महिन्यांनी, टीडीएस कापून. नुसतं “इंग्रजीचं मराठी करून देतो” म्हणणाऱ्याचं दुकान यापुढे चालणं कठीण आहे, हे स्पष्टच सांगायला हवं.

मग काय चालेल? इथे एक काम जवळून दाखवतो.

नव्या औषधाची माणसांवर चाचणी होते तेव्हा भाग घेणाऱ्याकडून संमती घ्यावी लागते, आणि ती त्याला समजेल अशा भाषेत. आपल्याकडे 2019 च्या नियमांनी हे बंधनकारक आहे. माणूस निरक्षर असेल तर निःपक्षपाती साक्षीदार हवा. त्यामुळे पंधरा-वीस पानी इंग्रजी संमतिपत्राचं मराठी करण्याचं काम नेमाने निघतं. ते झालं की ती मराठी प्रत दुसऱ्या अनुवादकाकडे जाते. त्याला मूळ इंग्रजी दाखवत नाहीत. तो मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो आणि ही दोन इंग्रजी शेजारी ठेवून परदेशातला कुणी तपासनीस, ज्याला मराठीचं एक अक्षर येत नाही, फरक शोधतो.

यातली गंमत अशी की शब्दाला शब्द ठेवून केलेलं, वाचताना दाताखाली खडा यावा तसं मराठी या चाचणीत उत्तम गुण मिळवतं. ते उलट फिरवलं की इंग्रजी जसंच्या तसं परत येतं. आणि जालन्याच्या शेतमजूर बाईला कळावं म्हणून एक लांबलचक वाक्य तीन छोट्या वाक्यांत फोडलं, “तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे उपचार थांबणार नाहीत” असं सरळ लिहिलं, की एक्सेलच्या तक्त्यात लाल खूण येते: मुळाशी तफावत, कारण द्या. मग त्या खणात इंग्रजीत कारण लिहायचं. काम परत येतं, पुन्हा खूण, पुन्हा कारण. या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

इथे गिऱ्हाइकाने मागितलं आहे प्रमाणपत्र. गरज आहे ती त्या बाईला कागद कळण्याची, आणि बाई गिऱ्हाईक नाही. यंत्र या कागदाचं मराठी काही सेकंदांत करतं, आणि ते बहुधा पहिल्या प्रकारचं करतं, लाल खुणा कमी येतील असं. तो तक्ता कारणांनी भरत बसणारा माणूस हिशेबाने वागत नसतो. त्याला वाईट वाक्य सहन होत नाही, एवढंच. आयुष्यभराची आवड म्हणजे शेवटी हीच: वाक्य नीट होईपर्यंत चैन न पडणं. आणि दोन-तीन वर्षांत असं होतं की रुग्णालयातला समन्वयक एजन्सीला सांगतो, मागच्या वेळचं ज्यांनी केलं होतं त्यांनाच द्या, रुग्ण कमी प्रश्न विचारतात. दर वाढतो तो त्या फोननंतर. जॉइस-श्मिट्झच्या गोष्टीतली फट ती हीच, फक्त इथे ती एक्सेलच्या खणात असते.

तेव्हा विचारणाऱ्या बाईंना आणि मुलाला मी आता असं सांगतो. भाषेचा नवा कोर्स लावण्याआधी आपल्या जिल्ह्यात कुणाचं काम भाषेपायी अडतंय ते फिरून बघा. चाकणच्या जर्मन-जपानी कारखान्यांत सुरक्षेच्या पाट्या आणि प्रशिक्षणाची पुस्तकं असतात, रुग्णालयांत संमतिपत्रं असतात, नाशिक-सांगलीच्या द्राक्ष निर्यातदारांना युरोपातल्या खरेदीदारांचे नियम समजून घ्यायचे असतात. त्यातला एक विषय निवडा, तुम्हाला पूर्वीपासून ज्याची माहिती आहे असा. बँकेत तीस वर्षं काढलेल्या बाईंनी कर्जाचे करारनामे सोडून स्वयंपाकाची पुस्तकं करायला जाऊ नये. एक भाषाजोडी धरा आणि दोन वर्षं तीच करा. कार्ड छापणार असाल तर त्यावर येणाऱ्या सगळ्या भाषांची यादी देऊ नका. विषय आणि जोडी लिहा, तेवढं पुरे. पहिल्या सहामाहीचं उत्पन्न बघून नोकरी सोडू नका. आणि राहिलेल्या भाषा घरी शिकत राहा, त्यांचं बिल कुणाला लावू नका.